शिंगाळ्याचं पोट

मासळी बाजारातल्या बायकांनी त्याचं नाव पोटफोड्या ठेवलं होतं, आणि नावं ठेवण्यात त्या बायकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नाव तसं खोटंही नव्हतं. लोक मासा घेतात तो खायला. हा गृहस्थ मासा घ्यायचा तो त्यानं काय खाल्लंय ते बघायला. बाजाराच्या मागे, बर्फाच्या कारखान्याला लागून मत्स्य खात्याची प्रयोगशाळा होती. नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात दोन खोल्या, एक सिंक आणि एक खिडकी, तीही उघडली तर बाहेरचा वास आत येण्याऐवजी आतलाच बाहेर जायचा. तिथे बसून तो माशांची पोटं कापायचा, आतला ऐवज बशीत काढायचा आणि भिंगाखाली धरायचा. कोळंबीची मिशी, खेकड्याच्या नांगीचा तुकडा, शिंपल्याची कपची. एवढ्याशा पुराव्यावरून कुठला मासा कुठे चरला हे तो बिनचूक सांगायचा. घरी मात्र बायको त्याला आधी मोरीत पाठवायची आणि मगच त्याच्याशी बोलायची. ती शाळेत गणित शिकवायची. अंगाला वास येत असताना केलेलं बोलणं तिच्या मते हिशेबात धरायचं नसतं.

त्या वर्षी खाडीतल्या मासेमारांचं डोकं फिरलं होतं. चांगल्या माशाची पिल्लं दिसेनाशी झाली होती, जाळी हलकी वर येत होती, आणि रोज कुणी ना कुणी खात्याच्या दारात येऊन तोंडसुख घेत होतं. साहेबांना खापर फोडायला एखादं डोकं हवं होतं. शिंगाळा माशाचं डोकं त्या कामासाठी घडवल्यासारखंच होतं. चपटं, टणक, तोंडाभोवती लोंबत्या मिशा. दिसायला ओंगळ आणि हाताळायला त्याहून वाईट. पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक असा काटा, तो टोचला की भलाभला माणूस हात धरून नाचतो. जाळी फाडतो, बाजारात भाव नाही. असल्या प्राण्याची बाजू कोण घेणार?

"हा काय खातो ते बघा जरा," साहेब त्याला म्हणाले. बघा म्हणताना त्यांचा सूर असा होता, की काय दिसायला हवं ते त्यांना आधीच दिसलेलं असावं.

त्यानं बघायला घेतलं, आणि घेतानाच एक सोय करून ठेवली. अख्खे शिंगाळे आणायचे म्हणजे काटे, घाण आणि जागेची अडचण. त्यानं धक्क्यावरच्या माणसांना सांगून टाकलं, डोकी तिथेच टाका, नुसती पोटं बरणीत घालून पाठवा. सगळ्यांनाच पटलं. कुणाचे हात रक्ताळेनात, एका बरणीत ढीगभर पोटं मावू लागली, आणि साहेबांनी 'कामाची पद्धत' म्हणून चारचौघांत त्याचं कौतुकही केलं. कौतुक कुणाला कडू लागतं?

पोटांत पिल्लं निघाली. सगळ्यांच्या नाही. पुष्कळशी पोटं रिकामीच होती, आकसून घड्या पडलेली. पण रिकामं पोट बाजूला ठेवायचं, ते धरायचं नाही, हा त्याच्या कामातला जुना रिवाज होता. ज्यात काही नाही ते काय सांगणार? आणि ज्यात काही होतं त्यात पिल्लं होती, तीही बहुतेक शिंगाळ्याचीच.

"स्वतःची खातो?" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "मग दुसऱ्याची सोडेल होय हा!"

आता खरं सांगायचं तर एक गोष्ट त्याला भिंगाखाली दिसली होती. त्या पिल्लांच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी अजून चिकटलेली होती. म्हणजे पिल्लू अंड्यातून नुकतं निघालेलं, धड पोहायलाही न शिकलेलं. असलं पिल्लू उघड्या पाण्यात भटकत नसतं. मग ह्याला ते मिळालं कुठे? प्रश्न मनात आला आणि तेवढ्यात चहा आला. त्यानं चहा घेतला. चहा संपल्यावर प्रश्नाकडे परत वळायचं असतं, तेवढं राहून गेलं. विसरला असता तर गोष्ट वेगळी. तो विसरला नव्हता, त्यानं राहू दिलं होतं.

अहवालात त्यानं लिहिलं, की ह्या दिवसांत शिंगाळे खाडीच्या वळणावरच्या डोहात खाण्यासाठी जमतात. त्यावरून दोन दिवसांची मोहीम ठरली. ओहोटीला वळणाच्या दोन्ही अंगांनी जाळी लावायची, सगळ्या बोटी आत घालायच्या आणि डोह धुऊन पुसून साफ करायचा. मासेमार खूश झाले. शत्रू सापडला की माणसाला अर्धं पोट भरल्यासारखं वाटतं.

मोहिमेच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा मेहुणा घरी आला. बायकोचा धाकटा भाऊ, स्वतःची छोटी बोट असलेला, घरात पाय ठेवायच्या आधी ज्याचं हसू आत यायचं असा गडी. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"दाजी, घ्या तुमचा गुन्हेगार!" त्यानं गोणपाट ओट्यावर ठेवलं. "ओहोटीत डबक्यात अडकला होता. टोपली टाकून धरला आणि डोक्यात एक घातली. बेणं मरेपर्यंत आ करायला तयार नाही. उद्या ह्याचं अख्खं खानदान आणतो."

"बस की, जेवून जा," बहीण म्हणाली.

"ताई, आज मरायला वेळ नाही. जाळी बांधायचीत." उभ्या उभ्या पाणी पिऊन तो गेलासुद्धा.

तिनं मासा सिंकमध्ये घेतला. काटे आधी पकडीनं मोडले, मग तोंडात सुरी घालून जबडा उचकटला. नवरा बाहेर पेपर वाचत होता.

"अहो, इकडे या."

पोरांच्या वहीत चुकीचं उत्तर सापडलं की तिचा आवाज असा व्हायचा. तो गेला. सिंकमध्ये पिवळट अंडी घरंगळली होती, टपोऱ्या द्राक्षांएवढी. काहींच्या आत काळे डोळे दिसत होते. दोनचार पिल्लं बाहेर आलेली, बलकाची पिशवी पोटाशी धरून अजून वळवळत होती. आणि जबड्याच्या आत, पार घशापर्यंत, आणखी कितीतरी होती.

"हा खात होता का ह्यांना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"सांभाळत होता. नर आहे हा. मादी अंडी टाकते आणि हा ती तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं आपापली पोहायला लागेपर्यंत."

"आणि तोपर्यंत हा स्वतः काय खातो?"

"काही नाही. उपास काढतो."

उत्तरं धडाधड आली. शिकत असताना त्यानं हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर शाबासकीही मिळवली होती. सगळं त्याला येत होतं. बरण्यांत डोकी नव्हती म्हणून आठवलं नाही, असं म्हणायची सोयसुद्धा उरली नव्हती, कारण डोकी नकोत असं सांगणारा तोच होता. त्यानं सुरी घेऊन माशाचं पोट उघडलं. रिकामं होतं, आकसून घड्या पडलेलं.

ओट्याला टेकून तो उभा राहिला. जाळ्यात चेंगरला, गुदमरला, की शिंगाळा शेवटी आ करतो. तोंडातली काही पिल्लं पाण्यात सांडतात आणि काही घशाखाली जातात. तीच बरणीत आली होती. रिकामी म्हणून त्यानं जी पोटं बाजूला सारली ती उपाशी बापांची होती, आणि भरलेली म्हणून ज्यांना त्यानं दोषी ठरवलं तेही उपाशीच होते. डोहात ते खायला जमत नव्हते. तिथलं पाणी शांत असतं म्हणून, तोंड मिटून बसायला जमत होते.

"मग आता?" बायको म्हणाली.

"मोहीम उद्या सकाळी आहे."

"ते मला माहीत आहे. साहेब आत्ता कुठे असतील?"

"कार्यालयात. पण काय सांगू त्यांना? अख्ख्या गावाला बोलावून ठेवलंय त्यांनी."

"चुकलं म्हणून सांगायचं. मी फळ्यावर साठ पोरांसमोर चुकते आणि पुसते. तुम्हाला एका माणसासमोर पुसायचंय."

तिनंच शिंगाळ्याचं डोकं अंड्यांसकट प्लास्टिकच्या डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. दारापर्यंत पोचवायलाही आली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचा त्याच्यावर विश्वास होता, हा त्याचा मोठा आधार होता. त्या दुपारी तो आधार त्याला जड वाटला.

साहेबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर खाडीचा नकाशा, वळणावर लाल खूण, टेबलाभोवती मासेमार संघाची माणसं आणि वर्तमानपत्राचा एक बातमीदार. त्याला बघताच साहेब उठून उभे राहिले. साहेब त्याच्यासाठी पहिल्यांदाच उठले होते.

"या, या! ह्यांच्यामुळे बरं का," ते बातमीदाराला म्हणाले, "सगळं ह्यांच्यामुळे. महिनोन्‌महिने त्या वासात बसून पोटं फोडली ह्यांनी." मग त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "नव्या विभागाचं प्रमुखपद. तुमचं नाव वर पाठवलंय. वरच्या मजल्यावर खोली, समुद्राच्या बाजूची. उद्याचं तेवढं नीट पार पडू द्या."

त्याला बायकोचा फळा आठवला. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागणार होता.

"डब्यात काय आणलंय?" साहेबांनी विचारलं.

"जेवण," तो म्हणाला.

"सुट्टीच्या दिवशीही डबा! बघा, अशी माणसं आहेत आपल्याकडे." सगळे हसले. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. डबा मांडीवर घेऊन त्यानं चहा संपवला, आणि निघाला तेव्हा सगळ्यांशी हात मिळवून निघाला.

परतताना पुलावर थांबून त्यानं डबा खाडीत उपडा केला. डोकं बुडालं, त्यामागून अंडी बुडाली. कुणी पाहिलं नाही. हातात रिकामा डबा घेऊन तो घरी आला.

"सांगितलंत?" बायकोनं दारातच विचारलं.

"सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"थांबवतो म्हणाले."

"बघा! उगाच घाबरत होतात." तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला, की आता खरं सांगणं आधीपेक्षा दुप्पट अवघड होऊन बसलं. तिनं ताट वाढलं. लाज वाटते सांगायला, पण तो जेवला. पोटभर जेवला.

सकाळी ती शाळेत गेली आणि तो धक्क्यावर. धक्क्यावर कापडी छत, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या असा थाट. बोटी पहाटेच्या ओहोटीबरोबर आत गेल्या होत्या. साहेब पाहुण्यांना काहीबाही समजावून देत होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मेहुणा होता.

"दाजी, ऐका जरा." आज त्याच्या आवाजात हसू नव्हतं. पाठीमागे इंजिनांचा आवाजही नव्हता. "जाळी ओढलीत, मासा पायाशी आलाय, पाणी गुडघाभर. पण ह्यांच्या तोंडात अंडी आहेत हो. एकदोघांच्या नाही, जो उचलावा त्याच्या. काहींच्या पिल्लं आहेत. धरू ना?"

साहेब तीन पावलांवर उभे होते, आणि भुवया उंचावून बघत होते.

"काय म्हणतायत बोटी? काही अडचण?"

"काही नाही," तो साहेबांना म्हणाला, आणि फोनमध्ये म्हणाला, "धरा."

"नक्की ना, दाजी?"

"हो. धरा म्हटलं ना!"

वरून त्यानं आवाजही चढवला. खोटं बोलणाऱ्याला राग फार लवकर येतो.

दुपारी बोटी आल्या. टोपल्याच्या टोपल्या धक्क्यावर उपड्या झाल्या आणि ढीग माणसाच्या छातीला लागला. फळ्यांवर अंडी पसरली होती. एक हमाल त्यांवरून घसरून पडला तेव्हा सगळे हसले, हमालही हसला. बातमीदारानं फोटो काढला. साहेबांचा एक हात त्याच्या खांद्यावर होता आणि त्याच्या दोन्ही हातांत एक मोठा शिंगाळा होता, काटे मोडून दिलेला. हसा, हसा, असं बातमीदार म्हणाला. फोटो चांगला आला.

मेहुणा गर्दीत दिसला नाही. तो दिसला संध्याकाळी, थेट घरी. उजवा हात मनगटापर्यंत सुजून लाल झाला होता. बायको शाळेतून नुकतीच आली होती. तिनं भावाचा हात बघितला आणि काही न विचारता पाणी तापत ठेवलं. शिंगाळ्याच्या काट्याला सोसवेल तेवढं गरम पाणी हाच उतारा असतो. बादलीत हात बुडवून मेहुणा जमिनीवरच बसला. दाजी खुर्चीत बसले होते. त्यांनी पेपर वर धरला होता.

"शिंगाळा लागला? आज कशाला गेला होतास तिकडे?" ताई म्हणाली. "मोहीम रद्द झाली ना?"

"रद्द? कोण म्हणालं? चिक्कार मासा मारला, ताई. धक्क्यावर ढीग आहे." तो पाण्याकडे बघत होता. "पण मजा नाही आली. तोंडात अंडी होती त्यांच्या. हातात घेतला की आ करायचे आणि सगळं पायावर सांडायचं. आम्ही थांबलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकेक करत सगळ्याच बोटी थांबल्या. म्हातारा खलाशी आहे ना आमचा, तो म्हणाला, जाळी उचलू या, जाऊ दे ह्यांना. आम्ही एका बाजूचं जाळं सोडायलाही घेतलं. मीच म्हटलं, थांबा, आमचे दाजी ह्यातले जाणकार आहेत, त्यांना विचारतो. ते म्हणतील ते खरं." त्यानं हात पाण्यात आणखी खोल घातला. "दाजी म्हणाले, धरा. मग धरलं. दाजींनी सांगितलं म्हणून सगळ्यांनी धरलं."

पेपर अजून वरच होता. त्याआड त्याला एक अक्षर दिसत नव्हतं. सोडून देणार होते. ह्यानं काहीही केलं नसतं, नुसता फोन उचलला नसता, तरी सोडून देणार होते.

"अहो," बायको म्हणाली. "पेपर खाली ठेवा."

त्यानं ठेवला.

"काल तुम्ही साहेबांना सांगितलं होतंत ना?"

"नाही."

"डबा दाखवलात ना?"

"नाही. म्हटलं, जेवण आहे."

मेहुण्यानं हात बादलीतून बाहेर काढला. "म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

मेहुणा हसणाऱ्यांतला होता, शिव्या देणाऱ्यांतलाही होता. त्यानं दोन्ही केलं नाही. ओला हात तसाच मांडीवर ठेवून तो बहिणीकडे बघत बसला, दाजींकडे त्यानं बघितलंच नाही. बायको उभी होती ती खाली बसली. आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मोहीम दोन दिवसांची होती. हे त्याला एकदम आठवलं आणि तो ताडकन उठला. उद्याची ओहोटी अजून हातात होती. त्यानं फोन उचलला आणि त्या दोघांसमोर, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असा, साहेबांना लावला.

"साहेब, उद्याच्या बोटी थांबवा. माझं चुकलंय. शिंगाळा पिल्लं खात नाही, तोंडात घेऊन सांभाळतो. पोटं सगळी उपाशी होती. हो, अहवाल चुकीचा आहे. नाही साहेब, आज नाही कळलं. कालच कळलं होतं, तुमच्याकडे आलो तेव्हा डब्यात तेच होतं. मला काढून टाका, काही करा, मी लिहून देतो. पण उद्या बोटी पाठवू नका."

बायकोनं मान वर केली. मेहुण्यानंही पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. पलीकडून साहेब बोलले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

"उद्याच्या बोटी मी दुपारीच रद्द केल्या," ते म्हणाले. "डोहात दोनदा जाळं फिरवून बघितलं त्यांनी. आता आत एकही मासा नाही."